तोयोसूची सकाळची सुशी: चार आकडी येनमध्ये काय मिळतं, काय नाही

सुशीच्या काउंटरवर मागवायच्या तीन रीती आहेत. एकेक तुकडा नाव घेऊन मागवायचा ती ‘ओकोनोमी’. ठरलेला संच ठरलेल्या दरात, ती ‘ओकिमारी’. आणि ‘तुमच्यावर सोपवलं, तुम्हीच काय ते द्या’ ही ‘ओमाकासे’. तोक्योत दहा हजार येनच्या आत ओमाकासे म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ओकिमारीच असतं. फक्त ताटात एकदम न येता एकेक करून समोर येतं. यात फसवणूक काही नाही. पण गिंझा या तोक्योच्या महागड्या भागातल्या तीस-चाळीस हजार येनच्या जेवणाची स्वस्त प्रत समजून कुणी गेलं, तर मात्र हिरमोड ठरलेला.

या दरातलं सगळ्यांत ठाऊक ठिकाण म्हणजे तोयोसू मासळी बाजारातलं ‘सुशी दाई’. आधी ते त्सुकिजीच्या आतल्या बाजारात होतं. ११ ऑक्टोबर २०१८ ला बाजार तोयोसूला हलला, त्याबरोबर दुकानही आलं. आता ते मासळीच्या मधल्या व्यापाऱ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. जपानी मोजणीत तळमजला हाच पहिला, त्यामुळे आपला दुसरा मजला. ‘दाइवा सुशी’ हे दुसरं नावाजलेलं दुकान भाजीपाल्याच्या इमारतीत खाली आहे, आणि ही दोन्ही शेजारी असतील असं समजून चुकीच्या इमारतीत जाऊन थांबणारे पुष्कळ असतात. युरिकामोमे गाडीचं शिजो-माए स्थानक बाजाराला जोडलेलंच आहे. त्सुकिजीतली ओल, गलका, बर्फाच्या गाड्या यातलं इथे काही नाही. इस्पितळासारखे स्वच्छ, पांढरे बोळ आणि त्यात ओळीने दुकानांचे पडदे. वातावरणासाठी येऊ नये, खायला यावं.

बाजार रविवारी, सार्वजनिक सुट्ट्यांना आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो. वर्षअखेरीला आणि ऑगस्टात ओबोन या पितरांच्या सणाच्या दिवसांतही. बाजाराचं वर्षभराचं कॅलेंडर आधीच जाहीर होतं, ते पाहूनच विमानाच्या तारखा जुळवाव्यात. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी गर्दी दुप्पट वाटते. नंबर पहाटेच लागतो, आणि उजाडल्यावर आरामात निघालेल्याला पुष्कळदा दुपारचीच वेळ मिळते. बाजारातल्या दुकानांत रोख येन जवळ असलेले बरे.

आता हे परवडतं कसं, तर मासा हलका असतो म्हणून नव्हे. हिशेब खुर्चीचा आहे. समजा बारा खुर्च्या, एका पंगतीला पाऊण तास, सकाळी सहा ते दुपारी दोन. म्हणजे दहा पंगती, एकशेवीस गिऱ्हाईकं. गिंझातलं आठ खुर्च्यांचं दुकान रात्री दोन पंगती बसवतं, सोळा माणसं. शिवाय इथे संच ठरलेला, त्यामुळे कुठला मासा किती लागेल हे पहाटेच पक्कं असतं आणि संध्याकाळी टाकून द्यायला काही उरत नाही. मासा खालच्याच मजल्यावरून येतो. काटछाट होते ती वेळेची: तुमच्या बसण्याच्या वेळेची, आणि माशावर करायच्या कामाच्या वेळेची. यातली दुसरी महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येऊ.

तसं पाहिलं तर घाई हा सुशीचा दोष नाही, मूळ स्वभाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे जुन्या तोक्योत, निगिरी (भाताच्या छोट्या गोळीवर माशाचा तुकडा) रूढ झाली ती गाड्यांवरचं उभ्याउभ्या खाणं म्हणून. दोन तासांची मौनव्रती बैठक हे फार नंतरचं.

सुशी दाईच्या संचाचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे: शेफ निवडेल त्या दहा निगिरी, एक गुंडाळी, आणि शेवटी स्वतःच्या पसंतीचा एक तुकडा. बरोबर मिसो सूप, तामागो, म्हणजे गरम अंड्याचं ऑम्लेट, आणि हिरवा चहा. सुरुवात बहुधा ओतोरोने, म्हणजे ट्यूनाच्या पोटाच्या सर्वांत चरबीदार भागाने होते. रिवाज याच्या उलट आहे. हलक्या पांढऱ्या माशापासून चरबीकडे जायचं. तासन्‌तास ताटकळलेल्या माणसाला पहिल्याच घासात खूश करायचं, एवढाच यामागचा हिशेब असावा. चवीच्या दृष्टीने मात्र तोटा होतो. तोरोचं तेल जिभेवर बसलं की पुढचा हिरामे किंवा ताई असा पांढरा मासा फिका लागतो. उपाय सोपा आहे: पहिल्या घासानंतर गारीची, म्हणजे आल्याच्या लोणच्याची, एक चकती आणि कडक चहाचा मोठा घोट. गारी सुशीच्या डोक्यावर ठेवून खायची नसते, दोन तुकड्यांच्या मधे खायची असते.

‘नेता’ म्हणजे भातावरचा मासा. (हो, इथेही नेताच वर बसतो आणि भार भातावर.) भाताला म्हणतात ‘शारी’, आणि हा शब्द बौद्ध अस्थिधातूंसाठीच्या संस्कृत ‘शरीर’वरून आल्याचं सांगतात. स्वस्त काउंटर पारखायचा असेल तर नेत्याकडे नव्हे, या शारीकडे बघावं. चांगला ट्यूना पैसे टाकून विकत आणता येतो, भात रोज नव्याने जमवावा लागतो. तांदूळ नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात शिजवतात, कारण व्हिनेगर नंतर मुरायचं असतं. भात लाकडी परातीत उलटून गरम असतानाच व्हिनेगर-मीठ-साखरेचं मिश्रण ओततात, आणि फळीसारख्या चपट्या डावाने कापल्यागत हलवतात. घोटलं की लगदा झालाच. मग वारा घालून तो अंगाच्या उबेइतका, म्हणजे ३६-३७ अंशांच्या आसपास आणतात आणि झाकणाच्या लाकडी पात्रात तसाच राखतात.

हात हलताना बघा. डाव्या तळव्यात मासा, उजव्या हाताच्या बोटात दहा-बारा ग्रॅम भात. बोटाने वासाबीचा ठिपका, भात वर ठेवून अंगठ्याने मधे हलका खड्डा, उलट, दोन बाजूंनी दाब, पुन्हा फिरव, संपलं. पाच-सहा हालचाली. त्या खड्ड्यामुळे आत हवा राहते. नीट जमलेली निगिरी पाटावर ठेवली की केसभर खाली बसते, जणू श्वास सोडते. ती तोंडात आपोआप सुटते, चावून फोडावी लागत नाही. बोटांनी उचलली की तुटत नाही, पण चॉपस्टिकने जोरात चिमटली तर तुटते. म्हणून हातानेच खावी. भाताची गोळी पेढ्यासारखी घट्ट लागली तर दाब जास्त पडलाय. दाणे टणक आणि थंड लागले तर भात उतरलाय; फ्रिजमधला शिळा भात होतो तसा. गर्दीच्या काउंटरवर हे बहुधा एका हंड्याच्या शेवटाला होतं. नवा भात आला की तोच शेफ, तोच मासा, आणि घास निराळा. हे आपल्या हातात नाही. मात्र तुकडा समोर ठेवून फोटोंची मालिका काढणारे तो भात स्वतःच थंड करत असतात. अर्ध्या मिनिटात तोंडात गेला पाहिजे. नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्यात, गुंडाळलेला उनी (सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचा गर) किंवा इकुरा (सामन माशाची अंडी) तर त्याहून लवकर, कारण नोरीची कुरकुर भाताच्या ओलाव्याने लगेच जाते.

बाजारातल्या काउंटरची खरी ताकद ताज्या, कमी संस्काराच्या माशात आहे. आजी (आपल्या बांगड्याच्या अंगाने जाणारा पण सौम्य), माकूल, शिंपल्यातले जीव. आकागाई किंवा होक्कीगाई या शिंपल्यांचा तुकडा पाटावर आपटला की आखडतो, आणि ते बघून परदेशी पाहुणे किंचाळतात. चवीच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की स्नायू अजून जिवंत आहे, चावायला करकरीत लागेल. तिसऱ्या-कालवं खाऊन वाढलेल्यांना हा तुकडा सर्वांत आधी आवडतो, असा अनुभव आहे.

उलट, जिथे वेळ लागतो तिथे या दरातली दुकानं उणी पडतात. पारख करायला दोन तुकडे पुरेत. पहिला कोहादा. हेरिंगच्या गोतातली छोटी चंदेरी मासळी, आपल्या पेडव्या-तारल्यांची लांबची भावंडं. ती उघडून, मीठ लावून, मग व्हिनेगरात ठेवतात, आणि मीठ किती मिनिटं लावायचं हे माशाचा आकार, चरबी आणि त्या दिवसाची हवा बघून ठरतं. दहा मिनिटं चुकली तर एकतर आंबट चामडं, नाहीतर कच्चा उग्र वास. दुसरा अनागो, समुद्री वाम. ती गोडसर रसात शिजवून वर ‘त्सुमे’ नावाचा आटवलेला रस लावतात. ऊबदार आणि ओठांनी तुटणारी असेल तर मागे कुणीतरी काम केलंय. गार आणि रबरी असेल तर सकाळी शिजवून ठेवलेली आहे. संचात हे दोन्ही नसले तर शेवटच्या पसंतीच्या तुकड्याला एक मागून बघावा.

हे सारं फक्त तोयोसूपुरतं नाही. शहरातल्या इमारतींच्या तळघरांत, स्थानकांच्या मॉलमध्ये, उभं राहून खायच्या काउंटरवर, आणि मोठ्या दुकानांनी शिकाऊ शेफसाठी काढलेल्या बाकांवर याच दरातली ओमाकासे मिळते. संध्याकाळी तुकडे जास्त, मधे एखादं शिजवलेलं वाडगं. अशा जागी धोक्याच्या खुणा साधारण सारख्या असतात. दर दुसऱ्या तुकड्यावर गॅसची ज्योत फिरवतात: भाजल्याने चरबी सुटते तशी मासा जुना असल्याची चवही झाकली जाते. एखादा तुकडा ठीक. पाच-सहा म्हणजे प्रश्न. ट्रफल तेल किंवा सोन्याचा वर्ख दिसला तर पैसे चुकीच्या जागी गेले. उनी कडवट, धातूसारखा लागला तर आकार टिकवायला वापरलेल्या तुरटीची चव आहे. या दरात ती पुष्कळदा असते. मासा आधीच कापून ठेवलेला असेल तर कडा सुकून चकाकतात. वासाबी भडक हिरवी आणि नाकात सरळ बाण मारणारी असेल तर ती भुकटीची. खऱ्या कंदाची किसलेली फिकट, दाणेदार असते आणि झोंबून लगेच ओसरते.

दरपत्रकात ‘झेइकोमी’ म्हणजे करासह, ‘झेइबेत्सु’ म्हणजे कर वेगळा. बसून खाण्यावर १० टक्के. रात्रीच्या दुकानांत सेवाशुल्क किंवा एक पेय घेण्याची सक्तीही असू शकते. टिप द्यायची नसते. रुपयांचा हिशेब १०० येनला साधारण ५५-६० असा धरला की चुकत नाही.

सोया सॉसची वाटी समोर असली तरी हात आवरावा. बऱ्याच तुकड्यांवर निकिरी, म्हणजे मिरिन आणि साके या तांदळाच्या दारू घालून उकळलेला सोया, ब्रशने आधीच लावलेला असतो. सुशी दाईत शेफ स्वतःच बोटाने खूण करून ‘सोया नको’ म्हणतात. लावायचाच तर मासा खाली करून त्याचं टोक टेकवावं. भात बुडवला की वाटीत शितं तरंगू लागतात. वासाबी नको असेल तर बसल्या बसल्या ‘साबी-नुकी’ म्हणावं. अत्तर लावून जाऊ नये, शेजारी अक्षरशः खांद्याला खांदा लावून बसलेला असतो.

शाकाहारी सोबत्याला मात्र इथे आणू नये. काकडीची गुंडाळी मिळेलही, पण सूप आणि तामागो या दोहोंत दाशी नावाचं पातळ सार असतं आणि दाशीत कात्सुओ मासा. शिवाय एक खुर्ची म्हणजे एक संच, नुसतं सोबतीला बसता येत नाही. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही कच्चा मासा टाळावा. आनिसाकिस नावाचा जंत व्हिनेगराने किंवा वासाबीने मरत नाही. उणे २० अंशांत २४ तास गोठवला किंवा ६० अंशांवर मिनिटभर शिजवला तर मरतो. चांगला शेफ सुरीच्या टोकाने तो शोधून काढतो. खाल्ल्यानंतर काही तासांत पोटात असह्य कळ आली तर पित्ताची गोळी घेत न बसता डॉक्टर गाठावा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं आधी सांगावं.

शेवटचा, पसंतीचा तुकडा. बहुतेकजण पुन्हा ओतोरो मागतात, कारण तोच सर्वांत महाग दिसतो. तो खाऊन झालेला असतो. त्यापेक्षा शेफला ‘क्यो वा नानि गा ओसुसुमे देस्का’, म्हणजे ‘आज काय चांगलं आहे’, असं विचारावं. हिवाळ्यात बुरी मासा म्हणाला, शरदात परतीचा कात्सुओ म्हणाला, तर तो घ्यावा. संबंध जेवणात खरी ओमाकासे तेवढीच असते.