गिट: आठ महिने वापरल्यावर, एका अनुवादक बाईचं मत

मी प्रोग्रामर नाही, अनुवाद करते. तरी गेले आठ महिने माझं सगळं काम गिटमध्ये आहे. गिट म्हणजे फायलींत वेळोवेळी केलेले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, कमांड टाइप करून चालवायचं. कोडशी काडीचा संबंध नाही, पण एकाच मजकुरावर चार-चारदा हात फिरवावा लागतो, अशांसाठी हे लिहितेय.

इन्स्टॉल करणं सोपं, आणि फुकट. नाव आणि ईमेल एकदा सांगायचा, फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट' म्हणायचं, की झालं. पहिल्या कमिटला (म्हणजे तोवरचं काम एका छोट्या संदेशासह नोंदवताना) विम नावाचा एडिटर उघडला आणि त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना (एस्केप, मग कोलन, क्यू, एंटर). तेव्हापासून मी '-एम' लावून संदेश कमांडमध्येच लिहून टाकते.

खरी घाबरले ती 'गिट स्टेटस' बघून (कुठल्या फायली बदलल्या ते सांगणारी कमांड). माझ्या फायलींची नावं मराठीत असतात. 'कथा' दिसायला हवं तिथे ३४०, २४४, २२५, पुन्हा ३४०, २४४... अशी आकड्यांची माळ! वाटलं, फाइल गेली. फाइल जागेवरच होती. इंग्रजीपलीकडची अक्षरं गिट बाइटच्या आकड्यांत दाखवतं, आणि आपल्या एकेका अक्षराला तीन बाइट लागतात. 'गिट कन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' एवढं एकदा केलं की नावं सरळ दिसतात. मराठीत काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी करावं असं हे काम, आणि मला ते तिसऱ्या आठवड्यात सापडलं.

गिट ओळीच्या हिशेबाने विचार करतं, हेही असंच उशिरा उमगलं. माझा एक परिच्छेद म्हणजे एक लांबलचक ओळ. त्यात एक स्वल्पविराम हलवला तरी 'गिट डिफ' (काय बदललं ते दाखवणारी कमांड) अख्खा परिच्छेद आधी लाल, मग हिरवा दाखवणार. आता मी दर वाक्याला एंटर मारते. जुन्या फायलींना '--वर्ड-डिफ' लावते, म्हणजे बदललेला शब्द तेवढाच उठून दिसतो. वर्डच्या फायली मात्र यात ठेवून फारसा उपयोग नाही. त्या साठवल्या जातात, पण आत काय बदललं ते गिट आपणहून सांगत नाही. माझं काम साध्या टेक्स्टमध्ये आणायला दोन आठवडे गेले.

आता तक्रार. एका दुपारी तीन तास दुरुस्त्या केल्या. एका फाइलमधला चुकीचा बदल काढायचा म्हणून 'गिट रीस्टोअर' लिहिलं आणि फाइलच्या नावाऐवजी टिंब दिलं. टिंब म्हणजे या फोल्डरमधलं सगळं. 'नक्की का?' असं एका शब्दाने विचारलं नाही. तीन तास पुसले गेले. आधी नुसतं 'गिट ॲड' (कमिटच्या आधीची पायरी, बदल पुढच्या कमिटसाठी बाजूला काढून ठेवणं) केलं असतं तरी वाचले असते, कारण हे रीस्टोअर ॲड केलेल्या प्रतीवरूनच फाइल परत आणतं. ॲड आणि कमिट या दोन पायऱ्या कशाला, म्हणून मी तोवर कुरकुरत होते.

उलटा अनुभव महिन्याभराने आला. 'रीसेट --हार्ड' (काम मागच्या एखाद्या कमिटवर नेऊन ठेवणारी कमांड) चुकीच्या जागी मारून पाच कमिट घालवले. 'गिट रीफ्लॉग' (आपण कुठल्या कमिटवरून कुठे गेलो याची गिटची नोंदवही) म्हटलं तर पाचही त्यात हजर! शाखेवरून (शाखा म्हणजे एकामागून एक कमिटांची मालिका) सुटलेल्या कमिटची नोंदही मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस राहते. नोंदीतला क्रमांक उचलला, पुन्हा रीसेट केलं, पाच मिनिटांत काम परत. तेव्हा कळलं की कमिट केलेलं हे सहजासहजी जाऊ देत नाही, आणि न केलेल्याची याला फिकीर नाही. आता मी चहाला उठतानाही कमिट करते. संदेश 'चहा' असतो, हसा खुशाल.

लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी हे लिहिलं, आणि ते कोणाच्या सोयीचं आहे ते पदोपदी जाणवतं. मदतीच्या पानावर गिट स्वतःला 'मठ्ठ' म्हणवून घेतं. चेकआउट या एकाच कमांडला शाखा बदलणं आणि बदल पुसणं अशी दोन्ही कामं होती. २०१९ मध्ये त्यासाठी स्विच आणि रीस्टोअर असे वेगळे शब्द आले. नवख्याने तेच शिकावेत, जुन्या धड्यांत चेकआउट दिसलं तरी.

पाचपैकी चार तारे. एक त्या दुपारचा कापला.