ज्यूल कॅम्पबेल यांनी घडवलेले स्विमसूट अंक : एक परीक्षण

‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या, पूर्वी साप्ताहिक असलेल्या अमेरिकी क्रीडा नियतकालिकाच्या वार्षिक स्विमसूट अंकाचे श्रेय बहुतेक जण मॉडेलना आणि छायाचित्रकारांना देतात. परंतु 1965 ते 1996 या काळातील अंक ओळीने पाहत गेले, की त्यांमागची एकाच संपादिकेची नजर स्पष्ट जाणवते. ज्यूल कॅम्पबेल यांनी तीन दशकांहून अधिक काळ हे काम सांभाळले, आणि फॅशन पत्रकारितेत इतका काळ एका व्यक्तीच्या निवडीवर उभा राहिलेला उपक्रम माझ्या मते विरळाच.

अंकाचा जन्म मात्र व्यावहारिक गरजेतून झाला. ऐन हिवाळ्यात खेळांच्या बातम्या रोडावत, म्हणून व्यवस्थापकीय संपादक आंद्रे लागेर यांनी जानेवारी 1964मध्ये सागरकिनाऱ्यावरील पोशाखांना काही पाने दिली. मुखपृष्ठावर मेक्सिकोतील कोझुमेल येथे टिपलेल्या मॉडेल बॅबेट मार्च होत्या. पुढच्या वर्षी ही जबाबदारी फॅशन वार्ताहर असलेल्या कॅम्पबेल यांच्याकडे आली.

त्यांची पहिली ठळक निवड मॉडेलची होती. साठच्या दशकातील फॅशन मासिके काटकुळ्या देहयष्टीला डोक्यावर घेत असताना त्यांनी निरोगी, सुदृढ बांध्याच्या आणि मोकळ्या हवेत सहज वावरणाऱ्या तरुणी पसंत केल्या. त्याहून मोलाचा वाटतो तो छायाचित्रासोबत मॉडेलचे नाव छापण्याचा त्यांचा आग्रह. मॉडेल म्हणजे कपडे अडकवण्याचा निनावी आधार, असे मानणाऱ्या व्यवसायात नाव छापले गेल्यामुळे वाचक त्या व्यक्तीला ओळखू लागला, पुढच्या वर्षी तिची वाट पाहू लागला आणि त्या ओळखीच्या बळावर तिला स्वतःची कारकीर्द उभारता आली. चेरिल टीग्ज, 1979 ते 1981 अशी सलग तीन वर्षे मुखपृष्ठावर आलेल्या क्रिस्टी ब्रिंक्ली आणि एल मॅकफर्सन यांची घराघरांत पोहोचलेली नावे पाहिली, की संपादकाचा एक साधा वाटणारा निर्णय किती दूरवर जातो ते कळते.

1978च्या अंकातील टीग्ज यांच्या जाळीदार पांढऱ्या पोशाखाच्या छायाचित्रावरून मोठा गदारोळ झाला. संतप्त पत्रे आली, कित्येकांनी वर्गणी बंद केली. वॉल्टर इऊस यांनी टिपलेले ते छायाचित्र आजही या अंकांची ओळख मानले जाते. माझा आक्षेप त्या पोशाखाला नाही. ज्या साप्ताहिकात महिला खेळाडूंना मुखपृष्ठ क्वचितच मिळत असे, तेथे स्त्रीला दरवर्षी हमखास मिळणारे मुखपृष्ठ स्विमसूटचेच असावे, ही विसंगती मला बोचते. साप्ताहिकाचे एकूण धोरण कॅम्पबेल यांच्या हाती नव्हते, त्यामुळे तो दोष त्यांच्यावर लादणे अन्यायाचे ठरेल. मॉडेलची निवड मात्र त्यांच्या कक्षेत होती, आणि तेथे एक उणीव राहिली: मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय मॉडेल येण्यास 1996 उजाडले. त्या वर्षी टायरा बँक्स व्हॅलेरिया मात्सा यांच्यासह झळकल्या, आणि कॅम्पबेल यांच्या कारकिर्दीचे तेच अखेरचे वर्ष होते. इतक्या जाणत्या संपादिकेकडून हे पाऊल बरेच आधी पडायला हवे होते.

अलीकडच्या काळात एमजे डे यांच्या संपादनाखाली ही चौकट खूपच रुंदावली. 2019मध्ये मुस्लिम मॉडेल हलिमा एडन बुर्किनी, म्हणजे अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख, परिधान करून अंकात आल्या, तर 2023मध्ये एक्याऐंशी वर्षांच्या अमेरिकी उद्योजिका मार्था स्टुअर्ट मुखपृष्ठावर दिसल्या. निवडीतील हा मोकळेपणा मला मनापासून आवडतो. तरीही संपादनकलेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी आधी कॅम्पबेल यांचे 1975 ते 1981 या काळातील अंक मिळवावेत, आणि ते पाहताना मुखपृष्ठांवर न थांबता आतील पानांवर कोणाला किती जागा दिली आहे व कोणाचे नाव कसे छापले आहे, तेही बारकाईने पाहावे.