आठ दिवसांच्या पाण्यावर वॉशिंग मशीन : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही सात किलो क्षमतेचे सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दोन टबांचे वॉशिंग मशीन घेतले. आता श्रावण चालू आहे. हिवाळा, कडक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा या मशीनने आमच्या घरात काढल्यामुळे त्याविषयी चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील असे वाटते.

आम्ही लातूरला राहतो. घरात पाच माणसे असून आमच्या भागात नळाला साधारण आठ दिवसांनी पाणी येते. बाकीचे दिवस हौदातल्या साठ्यावर आणि बोअरच्या खारट पाण्यावर निघतात. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ते दिवस पाहिलेल्या माणसाला मशीन कपडे कसे धुते यापेक्षा ते पाणी किती पिते हे आधी विचारावेसे वाटते. सासूबाईंनीही तेच विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत मशीन घेण्यास संमती दिली नाही.

म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करते. आमच्याकडे दिवसाआड धुणे निघते. हाताने धुताना त्याला १५ लिटरच्या १२ बादल्या लागत. मशीन आल्यावर पहिल्या महिन्यात हा आकडा कमी होण्याऐवजी १४ बादल्यांवर गेला, कारण आम्ही प्रत्येक घाण्याला नवे पाणी घेत होतो आणि खंगाळताना नळी चालू ठेवून वरचे पाणी वाहू देत होतो. चूक मशीनची नव्हती, आमच्या पद्धतीची होती. आता तीन बादल्या पाण्यात साबणाची पूड टाकून आधी पांढरे कपडे फिरवतो. ते पिळायच्या टबात गेले की त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत कपडे टाकतो. मग ते पाणी सोडून तीन बादल्यांत दोन्ही घाणे एकामागून एक खंगाळतो आणि शेवटी आणखी तीन बादल्यांत पुन्हा एकदा. एकूण ९ बादल्या, म्हणजे १३५ लिटर. पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आपल्या ठरावीक क्रमाने पाणी घेते आणि सोडते. एकाच पाण्यात दोन घाणे काढण्याची सोय त्यात नसते, शिवाय त्याला नळाला बऱ्यापैकी दाब लागतो. ज्या घरात पाणी मोजून वापरावे लागते तेथे दोन टबांचेच मशीन घ्यावे, हे माझे ठाम मत आहे.

या बचतीचे खरे कारण मात्र मला बऱ्याच उशिरा उमगले. साबणाच्या पाण्यातून काढलेले कपडे आधी पिळून घेतले आणि मग खंगाळले, तर साबणाचा बहुतेक अंश पिळतानाच निघून जातो आणि पुढे थोड्या पाण्यात भागते. हाताने चादर पिळायची तर दोघींनी दोन टोके धरून पीळ द्यावा लागे; प्रत्येक खंगाळणीपूर्वी तो देणे कोणालाच झेपण्यासारखे नव्हते. मशीनचा पिळण्याचा टब मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतो. एवढ्याशा टबात या वेगाने कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २०० पट जोर येतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. कपडे घुसळणारी लाकडी यंत्रे युरोपात अठराव्या शतकातच होती. जर्मनीत याकोब क्रिस्टियान शेफर यांनी १७६७ मध्ये अशा यंत्राचे वर्णन छापले होते. विजेवर चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी आली. अमेरिकेत आल्वा फिशर यांचे पेटंट १९१० चे आहे. आपल्या मराठवाड्यातही औरंगाबादजवळ चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात वॉशिंग मशीन बनत असत. या साऱ्या प्रवासात बाईच्या मनगटावरचा सर्वांत मोठा भार कशाने उतरवला असे मला कोणी विचारले, तर मी धुण्याच्या टबाकडे नव्हे, शेजारच्या त्या लहान टबाकडे बोट दाखवीन.

पहिल्या दिवशी तो टब थांबल्यावर सासूबाईंनी झाकण उघडले. कपडे मध्ये मोकळी जागा सोडून कडेला गोल चिकटून बसले होते. त्यांनी आपले लुगडे ओढून काढले, तळहाताने दाबून पाहिले, पुन्हा दाबले. एक थेंबही गळला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ते लुगडे गालाला लावले. चाळीस वर्षे दगडावर धुणे आपटून त्यांचे उजवे मनगट कायमचे दुखते आणि थंडीत सोड्याच्या पाण्याने बोटांना भेगा पडत. या हिवाळ्यात भेगा पडल्या नाहीत.

त्रासही झाला. नऊवारी लुगडे इतर कपड्यांबरोबर टाकले की ते तळाच्या चकतीभोवती दोरखंडासारखे गुंडाळले जाते. एकदा तर काठ फाटला. आता लुगडी घडी घालून जाळीच्या पिशवीत आणि दोनच टाकतो. पिळायच्या टबात एका बाजूला जड कपडा आला तर मशीन अक्षरशः जागेवरून सरकते, म्हणून कपडे सारखे दाबून वर प्लॅस्टिकची चकती ठेवणे चुकवू नये. वाकळ यात धुता येत नाही, हे आधीच मान्य करावे. दुकानदाराने मशीन बसवून देताना सांडपाण्याच्या नळीचा उतार पाहिला नाही. आमच्या मोरीचा उंबरा नळीपेक्षा उंच असल्याने टबात तळाशी पाणी साचून राही. तक्रार करूनही कोणी आले नाही, शेवटी आम्हीच लोखंडी स्टँड करून घेतला. खालची बाजू उघडी असेल तर जाळी जरूर बसवा. आमच्याकडे उंदराने एक वायर कुरतडली होती.

वीज गेल्यावर काय होते, हे अनेकजण विचारतात. यातला टायमर स्प्रिंगचा असल्याने वीज नसतानाही तो पुढे सरकतच राहतो. वीज आल्यावर तो पुन्हा फिरवून ठेवावा लागतो, एवढेच. बिलात फारसा फरक जाणवला नाही.

बोअरच्या जड पाण्यामुळे टबाला पांढरा थर धरतो आणि पांढरे कपडे राखाडी दिसू लागतात. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून रिकामे मशीन दहा मिनिटे फिरवले की थर सुटतो. साबणाचे पाणी आम्ही संडास आणि अंगण धुण्यासाठी बादल्यांत धरून ठेवतो. झाडांना मात्र ते घालत नाही, कारण त्यातल्या क्षारांनी माती बिघडते.

पावसाळ्यात पूर्वी शाळेचे गणवेश दोन दोन दिवस ओले राहून कुबट वास मारीत. आता घरात दोरीवर टाकलेले कपडे रात्रीत वाळतात. सकाळचा दीड तास मोकळा झाला. त्याहून मोठा फरक असा की धुणे आता फक्त आम्हा दोघींकडे राहिलेले नाही. मोरीत उकिडवे बसून धुणे धुणारा पुरुष आमच्या घरात मी कधी पाहिला नव्हता. अकरावीतला मुलगा मात्र रविवारी स्वतः दोन्ही घाणे काढतो आणि बादल्या मोजून वहीत लिहितो. गेल्या रविवारी त्याने ८ बादल्यांत काम भागवले. रंगीत कपड्यांची शेवटची खंगाळणी नीट झाली नसावी असा सासूबाईंना संशय आहे, त्यामुळे येत्या रविवारी त्या स्वतः पाण्याचा फेस पाहून मगच ते सोडू देणार आहेत.