१७८१ चा माल म्हणून ८४५ डॉलर घालवले

लाज वाटतेय, पण लिहितो. मी काही अगदीच नवखा नाही हो, शिडाच्या जहाजांचे खिळे, कप्प्या, पत्रे यांचं सात-आठ वर्षं वाचतोय आणि तरी गंडलो.

विकणारा म्हणे १७८१ ला बुडालेल्या ब्रिटिश युद्धनौकेचं सामान, स्वतः डायव्हिंग करून काढलंय. जहाजाच्या बुडाला ठोकायच्या पत्र्याचा तुकडा, एक लांब बोल्ट आणि एक डेडआय, म्हणजे डोलकाठीचे दोर ताणायचा तीन भोकांचा लाकडी गट्टू. सामानाचे ६४०, पाठवणीचे ८५ आणि वर "काळनिश्चिती सर्टिफिकेट"चे १२०. त्यावर सही आहे, नाव कोणाचंच नाही.

आता जिथे कळायला हवं होतं ते. त्याने व्हिडिओ पाठवला होता, चाकूने पत्र्यावरचा हिरवा थर खरवडला आणि खाली चकचकीत पिवळी रेघ. पिवळी! त्या काळी त्यांचं नौदल बुडाला तांब्याचा पत्रा ठोकत होतं, तांबं लालसर निघतं. पिवळा पत्रा म्हणजे मुंट्झ मेटल, ६० टक्के तांबं ४० टक्के जस्त, त्याचं पेटंटच १८३२ चं. हे मला पाठ आहे, पाठ! आणि मी स्वतःला समजावलं काय, तर लाइटमुळे तसं दिसत असेल. रात्रीचे साडेबारा, लिलाव संपायला चार मिनिटं, दुसरा कोणीतरी बोली वाढवतोय (तोही त्याचाच माणूस असणार), अशा वेळी कोणाचं डोकं चालतं सांगा.

बोल्टवर सरकारी मालाची बाणाची खूण. आजूबाजूचा धातू खड्डे पडून झिजलेला आणि खुणेच्या कडा मात्र ब्लेडसारख्या, म्हणजे समुद्राने तेवढा बाण सोडून बाकी सगळं खाल्लं? मागाहून ठोकलेली आहे. आणि खरी असली तरी नुसत्या बाणावरून साल ठरवू नका, ती खूण शेकडो वर्षं वापरात होती. डेडआय तर लिग्नम व्हायटीचा म्हणून दिलेला, ते लाकूड पाण्यात बुडतं, माझा बादलीत बदकासारखा तरंगला. एल्मच्या लाकडाचेही असायचे, मान्य, पण समुद्रातून काढून नुसतं वाळवलेलं लाकूड आक्रसतं, तडकतं. हा गुळगुळीत.

तळाशी असतानाचा, बाजूला मोजपट्टी ठेवलेला फोटो नसेल तर पैसे देऊ नका. काढायची परवानगी होती का तेही विचारा, मी विचारलं नाही कारण उत्तर नको होतं.

तक्रारीचं तर बोलूच नका. लिलाववाले म्हणाले परत करायची ३० दिवसांची मुदत संपली, अरे पार्सलच ३४ व्या दिवशी आलं! बँक म्हणे पेमेंट तुम्हीच मंजूर केलंत. पोलिसात गेलो तर साहेब बोल्ट हातात घेऊन म्हणतात, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?" मी मुंट्झ मेटल समजावायला लागलो तर शेजारचा हसला. तीन फेऱ्या मारल्या, अर्ज त्यांनी ठेवून घेतला, पोच दिली नाही. एका संग्रहालयाला ईमेल केला, त्यांचं उत्तर दोन ओळींचं, विकत घेतलेल्या वस्तूंवर आम्ही मत देत नाही. मग मत द्यायचं कोणी, त्या १२० डॉलरच्या सहीने?

विकणाऱ्याचं खातं अजून चालू आहे. परवा तसाच पत्रा टाकलाय, या वेळी साल १७७९. व्हिडिओत खरवडून दाखवत नाही आता.