जेफ बकली की इलियट स्मिथ? गिटार घेऊन बसलेल्या इंदूरकरासाठी

लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचं, विशारदच्या अलीकडेच कंटाळायचं आणि अकरावी-बारावीत गिटार घ्यायची, हे इंदूरच्या मराठी घरांत नवं नाही. त्यातल्या ज्यांना स्वतःची गाणी करायची असतात त्यांच्यापुढे दोन नावं हमखास येतात. जेफ बकली आणि इलियट स्मिथ दोघंही अमेरिकन गायक-गीतकार. एक १९६६ चा, दुसरा १९६९ चा. दोघांचे पहिले अल्बम १९९४ साली आले आणि दोघंही पस्तिशीच्या आत गेले. म्हणून त्यांची नावं नेहमी जोडीनं घेतली जातात. शिकायला बसलं की मात्र दोघं दोन टोकांना नेतात आणि सुरुवातीचे काही महिने तरी एकालाच धरून बसणं बरं.

आपल्या कानांचा कल बकलीकडे जाणार, हे उघड आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या ‘शिने’ नावाच्या छोट्या कॅफेत हा माणूस एकटा, एका इलेक्ट्रिक गिटारवर गायचा आणि तिथे चक्क नुसरत फतेह अली खाँसाहेबांची कव्वालीही म्हणायचा. नुसरत म्हणजे माझा एल्व्हिस, असं तो सांगे. पुढे १९९६ मध्ये एका मासिकासाठी त्यानं त्यांची मुलाखतही घेतली. ‘ग्रेस’ या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तबला आहे. ‘लव्हर, यू शुडव्ह कम ओव्हर’ सुरू होतं ते पेटीच्या सुरांवर. घरात पेटी असलेल्याला हे ऐकताना हसूच येतं, कारण तो भाता, तो किंचित दमेकरी श्वास आपल्या रोजच्या ओळखीचा. त्याच्या आवाजातली मींड, शब्द बाजूला ठेवून नुसत्या आकारावर वर चढत जाणं, हे सगळं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि नेमकी तिथेच अडचण आहे. बकलीचं गाणं त्याच्या गळ्यात आहे. तो गळा काढून घेतला तर बाकी रचना चांगलीच राहते, पण तिची जादू निम्म्यानं उतरते. त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं, ‘हॅलेलुया’, मुळात कॅनडाचा गीतकार-गायक लिओनार्ड कोहेन याचं, १९८४ चं. बकलीनं जॉन केल या दुसऱ्या गायकानं केलेली मांडणी ऐकून ते उचललं आणि आपलं केलं. ख्याल गाणाऱ्याला यात वावगं काही वाटणार नाही. बंदीश कुणाची का असेना, गाणारा कोण हे आपण आधी विचारतो. पण तुम्हाला गाणं रचायला शिकायचं असेल तर बकली फार थोडं हाती देतो. त्याची नक्कल करणारे बहुतेक जण खोट्या आवाजात किंचाळायला लागतात. ऐकणाऱ्याला चहा घ्यायला उठावंसं वाटतं.

स्मिथकडे गळा नाही. म्हणजे आवाज आहे, पण तो जवळजवळ कुजबुजणारा. ती कुजबुज तो दोनदा रेकॉर्ड करून एकावर एक ठेवायचा, म्हणून ती बारीक असूनही भरीव लागते. ‘रोमन कँडल’ हा पहिला अल्बम त्यानं पोर्टलंडमधल्या एका घराच्या तळघरात चार ट्रॅकच्या, म्हणजे एकावर एक चारच थर ठेवता येणाऱ्या साध्या यंत्रावर केला. आज तुमच्या फोनमधलं फुकट अ‍ॅप त्याहून जास्त ट्रॅक देतं. त्यामुळे ‘साधनं नाहीत’ ही सबब स्मिथ ऐकल्यावर टिकत नाही.

पण त्याचा खरा धडा हार्मनीचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांच्या मेळाचा आहे आणि क्लासमधून आलेल्यांना तो जड जातो. आपला सा पक्का बसलेला असतो, तानपुऱ्याला टेकलेला. स्मिथच्या गाण्यात कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) चालता चालता मूळ पट्टीबाहेर पाऊल टाकतात, आणि तीच चाल खालची जमीन बदलली की वेगळ्याच रंगाची दिसते. बीटल्सचा त्याच्यावर फार मोठा संस्कार होता, त्यातून हे आलं. ‘आयदर/ऑर’ (१९९७) या अल्बममधलं ‘से येस’ बसवून बघा. खालचे स्वर पायरी पायरीनं उतरत जातात आणि वरची चाल भोळेपणानं आपली चालत राहते. दोन-अडीच मिनिटांचं गाणं आहे, पण डाव्या हाताला आठवडा लागेल. मग ‘एक्सओ’ (१९९८) मधलं दुसरं ‘वॉल्ट्झ’ घ्या. दादऱ्याची सवय असलेल्याला त्याची चाल लगेच पकडता येते आणि सगळं लक्ष कॉर्डकडे देता येतं.

‘इंडी’ म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेरचा, हा शिक्काही स्मिथलाच जास्त शोभतो. त्याचे दुसरा आणि तिसरा अल्बम ‘किल रॉक स्टार्स’ या छोट्या कंपनीनं काढले, ‘एक्सओ’पासून तो ड्रीमवर्क्स या मोठ्या कंपनीकडे गेला. बकली पहिल्यापासून कोलंबियासारख्या बड्या कंपनीचा कलाकार. मार्च १९९८ मध्ये ऑस्करच्या मंचावर पांढऱ्या सुटात स्मिथ एका चित्रपटातलं नामांकन मिळालेलं गाणं गायला. बक्षीस ‘टायटॅनिक’च्या गाण्याला गेलं. त्या रात्रीची चित्रफीत जरूर बघा. एवढ्या झगमगाटात माणूस आवाज चढवत नाही.

मृत्यूंबद्दल थोडक्यात. २९ मे १९९७ ला मेम्फिसमध्ये नदीत उतरलेला बकली बुडाला. तो अपघात होता. स्मिथ दारू, अमली पदार्थ आणि नैराश्याशी बरीच वर्षं झगडला. २१ ऑक्टोबर २००३ ला तो गेला, तेव्हा शवविच्छेदन अहवालानं आत्महत्या की आणखी काही याचा निर्णय दिला नाही. या शेवटाला चिकटलेलं रम्य दुःख मला नकोसं वाटतं. ‘से येस’सारखी रचना बसवायला शुद्ध डोकं लागतं.

मागे राहिलेल्या कामाचं मोजमापही वेगळं. बकलीचा स्वतः पूर्ण केलेला स्टुडिओ अल्बम एकच. तो निघाला तेव्हा अमेरिकेच्या यादीत १४९ च्या वर गेला नाही. पण डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका स्पर्धेच्या विजेतीचं ‘हॅलेलुया’ पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्याखालोखाल बकलीचं, तो जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. स्मिथनं पाच अल्बम हयातीत पुरे केले. तसा एकच उत्तुंग कळस नाही, पण माणूस अल्बमगणिक काय शिकत गेला ते क्रमानं ऐकता येतं. शिकणाऱ्याला हे फार मोलाचं.

तेव्हा आवाज मोकळा असेल, तीन सप्तकांत सहज फिरत असेल, आणि दुसऱ्यांची गाणी गाण्यात आनंद असेल, तर बकली घ्या. त्यातही त्या ‘शिने’ कॅफेतल्या गाण्यांच्या अल्बमची (‘लाइव्ह अ‍ॅट शिने’) २००३ मध्ये निघालेली मोठी आवृत्ती आधी ऐका, ‘ग्रेस’ नंतर. आईबाबांना किंवा आजोबांना सोबत बसवायचं असेल तरी हीच बरी, कव्वाली लागली की खोलीतले सगळे सरसावून बसतील. बाकी बहुतेकांनी, विशेषतः आवाज बेताचा असलेल्यांनी, स्मिथ घ्यावा. ‘आयदर/ऑर’पासून सुरुवात, मग ‘एक्सओ’, मग मागे जाऊन ‘रोमन कँडल’. ‘फिगर ८’ (२०००) फार सजवलेला आहे, तो सावकाश.

दोघांचेही मरणोत्तर अल्बम तूर्त बाजूला ठेवा. बकली आपल्या नव्या अल्बमच्या रेकॉर्डिंगवर समाधानी नव्हता, ते पुन्हा करायच्या तयारीत होता. स्मिथचा शेवटचा अल्बम त्याच्या माघारी इतरांनी जुळवून २००४ मध्ये काढला. त्यांत सुंदर गोष्टी आहेत, पण कुठला सूर त्यांनी स्वतः ठेवला असता आणि कुठला काढून टाकला असता, हे ओळखण्याइतका कान आधी तयार व्हावा लागतो.