प्रिम्युलिन पावडर, ५० ग्रॅम: कापडावर छाप उमटते, पांढऱ्या जमिनीची (छापीमागच्या कापडाची) आशा सोडा

छत्तीस वर्षं इचलकरंजीत डाईंगमध्ये काढली. पुडी उघडल्या उघडल्या चिमूटभर पावडर ओल्या टीपकागदावर टाकली. एकच पिवळा पसरला, दुसरा रंग फुटला नाही. माल चांगला आहे. लेबलवर मात्र ‘डायरेक्ट रंग, पिवळा’ एवढंच.

मला पिवळं कापड नकोच होतं, उन्हानं कापडावर छाप उमटवायची होती. हा रंग आर्थर ग्रीन यांनी इंग्लंडमध्ये १८८७ साली काढला आणि १८९० मध्ये क्रॉस व बेव्हन यांच्या जोडीनं त्यावर उन्हात फोटो छापून दाखवले. हे तेच क्रॉस-बेव्हन, ज्यांच्या व्हिस्कोसवर (लाकडाच्या लगद्यापासूनच्या धाग्यावर) माझं निम्मं आयुष्य गेलं!

मांजरपाट मीठ घालून गरम बाथमध्ये रंगवला, धुतला. मग बर्फाच्या पाण्यात सोडियम नायट्राइट आणि ॲसिड. हे अंगणातच करा, धूर घशाला लागतो. अंधाऱ्या खोलीत वाळवून वर पिंपळाचं पान, त्यावर काच, आणि उन्हात. नायट्राइट-ॲसिडनं कापडावरच्या रंगाचं डायझो होतं, म्हणजे उन्हाला हळवं रूप. ऊन लागतं तिथलं डायझो मरतं, पानाखालचं राहतं. मग कॉस्टिक सोड्यातल्या बीटा नॅफ्थॉलमध्ये (उरलेल्या डायझोशी जुळून रंग देणारं रसायन) कापड बुडवलं की पान शिरांसकट लाल होऊन वर येतं. रिसॉर्सिनॉल वापरलं तर नारिंगी. सून सायनोटाइप (उन्हात छापायची निळी फोटोपद्धत) करते, तिच्याकडे निळ्यावर पान पांढरं पडतं. इथं पानच रंगतं.

पहिले दोन तुकडे वाया गेले, ऊन कमी पडून सगळंच लाल झालं. मग त्याच कापडाची पट्टी शेजारी उन्हात ठेवली आणि मधूनमधून तिच्यावर नॅफ्थॉलचा थेंब सोडला. थेंब लाल होईनासा झाला की कापड आत.

जमीन काही केल्या पांढरी होत नाही, मळकट पिवळी राहते. त्यात विकणाऱ्याचा दोष नाही, रंगाचा स्वभावच तो. म्हणून माणसांचे फोटो यावर काढू नका, चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. पानं, जाळी, रांगोळीचे ठिपके झकास. धुण्यात रंग हलत नाही. खिडकीत लावलेला रुमाल मात्र महिन्यात विटला.

चार तारे. पाचवा पॅकिंगपायी कापला: पुडी नुसती स्टेपल मारलेली, खोक्याचा कोपरा आणि माझा शर्ट, दोन्ही पिवळे. तरी दुसरी पुडी मागवली आहे, सुनेला सहा रुमाल हवेत.