कांद्याचा पापुद्रा, हायड्रिलाचं पान की गालाची पेशी?

पेशीची रचना समजून घ्यायची म्हटलं की सूक्ष्मदर्शीखाली बहुतेक जण कांदा ठेवतात. पण आधी एक ठरवा: पेशीचे भाग नुसते ओळखायचे आहेत, की त्यांचं काम चालू असताना पाहायचं आहे?

ओळखण्यासाठी कांदाच उत्तम. आतला पापुद्रा पेशींच्या एकाच थराचा असतो, त्यामुळे प्रकाश आरपार जातो. आयोडीनचा एक थेंब टाकला की पेशीभित्तिका आणि केंद्रक कमी वर्धनातही स्पष्ट दिसतात. केंद्रक बहुधा कडेला सरकलेलं असतं, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पिशवीने व्यापलेली असते. हरितलवकं, म्हणजे अन्न बनवणारे हिरवे कण मात्र मिळणार नाहीत. कंद जमिनीत वाढतो, त्याचं काम साठवणीचं.

पण आयोडीनने पेशी मरते. म्हणून माझा आग्रह असा की लाल कांद्याच्या पाकळीवरचा बाहेरचा जांभळा पापुद्रा घ्या, आयोडीन टाळा आणि कडेने मिठाचं पाणी सोडा. रिक्तिकेतलं पाणी बाहेर पडू लागतं, जांभळा भाग आकसतो, भित्तिका मात्र जागेवरच राहते. भित्तिकेच्या आतलं पेशीचं नाजूक आवरण म्हणजे प्रद्रव्यपटल. ते जेमतेम 7 ते 10 नॅनोमीटर जाडीचं, साध्या सूक्ष्मदर्शीतून ते वेगळं दिसत नाही. इथे निदान त्याची जागा तरी कळते. भित्तिकेतून पाणी आणि मीठ दोन्ही जातात, पटल पाणी सोडतं आणि मिठाला अडवतं. हा फरक पाठ करून कधीच इतका पक्का होत नाही. नंतर साधं पाणी दिलं तर जिवंत पेशी पुन्हा फुगतात.

हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान तर याहून सोपं. ते पेशींच्या दोनच थरांचं असतं, रंग द्यावा लागत नाही, पाण्याच्या थेंबात ठेवलं की झालं. हरितलवकं ठसठशीत दिसतात आणि दिव्याच्या उजेडात थोडा वेळ थांबलात तर ती भित्तिकेच्या कडेने सरकताना दिसू शकतात. हलतं ते पेशीद्रव्य, म्हणजे पेशीतला दाटसर द्रव, हरितलवकं त्याच्यासोबत वाहतात. या हालचालीला एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूची ऊर्जा लागते, आणि ती पुरवण्यात तंतुकणिका या पेशीतल्या सूक्ष्म ऊर्जाकेंद्रांचा मोठा वाटा असतो. तंतुकणिका तुम्हाला दिसणार नाहीत, त्यांच्या कामाचा परिणाम दिसेल. हिरव्या गर्दीत केंद्रक शोधणं मात्र जिकिरीचं, त्यासाठी हे पान निवडू नका.

गालाची पेशी एकटी पाहिली तर निराशा होते: मिथिलीन ब्लूने निळं झालेलं केंद्रक, भोवती फिकट पेशीद्रव्य, वेड्यावाकड्या कडा. तिची खरी किंमत कांद्याशेजारी कळते. भित्तिका नाही, म्हणून ठरावीक चौकटही नाही. वर्धन वाढवलंत तर तिच्यावर चिकटलेले निळे ठिपकेही सापडतील, ते तोंडातले जिवाणू. त्यांच्यात केंद्रक नसतं, डीएनए पेशीद्रव्यातच असतो. गालाच्या आतून अलगद खरवडायला प्रत्येकाने स्वतःची नवी, स्वच्छ काडी वापरावी.

प्रथिनं बनवणारे सूक्ष्म कण, म्हणजे रायबोसोम, यांपैकी कशातच दिसणार नाहीत. ते 20 ते 30 नॅनोमीटरचे आणि प्रकाश सूक्ष्मदर्शीची मर्यादा साधारण 200 नॅनोमीटर. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतली छायाचित्रंच पाहा.

एकच काचपट्टी शक्य असेल तर मी हायड्रिला निवडेन. दोन जमत असतील तर लाल कांदा आणि गालाची पेशी, याच क्रमाने.